खुर्ची चाटून बघणारा माणूस आणि अठराव्या शतकातलं फ्रेंच फर्निचर

झुळूक
आईबाबा सध्या आमच्याकडे लंडनला आलेत आणि पाऊस काही थांबायचं नाव घेत नाहीये, म्हणून गुरुवारी दोघांना वॉलेस कलेक्शनला नेलं. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या मागेच मँचेस्टर स्क्वेअरमध्ये आहे, तिकीट नाही (आईचा पहिला प्रश्न तोच असतो). तिथे एक भलंमोठं, पोट सुटल्यासारखं पुढे आलेलं कपाट होतं, वर संगमरवर आणि अंगभर सोनेरी वेलबुट्टी, इतकी की खण कुठे सुरू होतो कुठे संपतो कळेना आणि ओढायच्या मुठीसुद्धा त्या वेलीतच लपवलेल्या. पाटीवर काय, तर कमोड, १७३९, पंधराव्या लुईच्या व्हर्सायच्या शयनगृहातला. बाबांनी पाटी दोनदा वाचली आणि म्हणाले, "राजा झाला म्हणून काय कमोडला एवढं सोनं?" आई पुढच्या खोलीत खुर्च्या बघत उभी होती, ती तिकडून म्हणते, "अगं सुमाच्या रिसेप्शनला स्टेजवर अस्सेच होते की, भाड्याचे."
मला हसू आवरेना, पण घरी आल्यावर वाटलं की खरंच, स्टेजवरचा सोफा आणि हे यात फरक काय ते मला तरी कुठे सांगता आलं असतं? मध्यंतरी व्हर्साय राजवाड्यानेच खोट्या खुर्च्या विकत घेतल्याची बातमी होती ना, म्हणजे तिथले जाणकारपण फसतात. इथे लाकूडकाम कळणारे लोक आहेत म्हणून धागा काढला. येऊ द्या.

अवली कार्टी
बाबा रॉक्स. हसून हसून पुरेवाट. कमोड, १७३९!!

तिरपा डोळा
बाबांची चूक नाही हो, आपल्याकडे तो शब्द इंग्रजांच्या हातून आलाय. फ्रेंचमध्ये कमोड म्हणजे सोयीचं. आधी कपडे मोठ्या पेटाऱ्यात ठेवायचे, तळातलं काढायचं तर वरचं सगळं उपसा, मग खणांचं कपाट आलं आणि लोक म्हणाले हे बरंय, कमोड आहे. बाबा म्हणतात ती वस्तू वेगळी, तिला इथे पॅरिसमध्ये 'भोक पाडलेली खुर्ची' असंच सरळ नाव होतं.
तुम्ही पाहिलात तो बहुतेक आंत्वान गोद्रोचा, त्याच्यावरचं ब्राँझ झाक काफिएरीचं. ही दोन नावं मुद्दाम सांगतोय. एकाच कपाटाला दोन माणसं का, तर पॅरिसमध्ये कायदाच तसा होता. लाकूडवाल्याने ब्राँझ ओतायचं नाही, ब्राँझ ओतणाऱ्याने मुलामा द्यायचा नाही, ज्याची त्याची पंचायत वेगळी, आपल्याकडे बारा बलुतेदार असत तसंच समजा, फक्त कोर्टकचेरीसकट. शार्ल क्रेसाँ नावाचा एक फार मोठा कारागीर होता, तो मुळात मूर्तिकार, त्याला दुसऱ्याच्या हातचं ब्राँझ आवडेना म्हणून आपल्याच कारखान्यात करायला लागला तर त्या पंचायतीने त्याला कोर्टात खेचलं.
सुतारांमध्येही परत दोन जाती. अखंड लाकडात खुर्च्या, पलंग करणारे ते मन्युइझिए. आणि ओकच्या सांगाड्यावर भारी लाकडाचे पातळ पत्रे चिकटवून कपाटं, टेबलं करणारे ते एबेनिस्त, म्हणजे मूळचे एबनी या काळ्या लाकडाचं काम करणारे. खुर्चीवाला कपाट करत नसे, कपाटवाला खुर्ची करत नसे. म्हणून आईंनी पाहिलेल्या खुर्च्या आणि बाबांचं ते कपाट हे जवळजवळ दोन वेगळ्या धंद्यांचे माल आहेत.
(मी बास्तीयच्या जवळ राहतो, फोबूर सँत आंत्वान आमची भाजी आणायची गल्ली. हा भाग पूर्वी एका मठाच्या अखत्यारीत होता, त्यामुळे पंचायतीची मेंबरशिप नसलेले लोकही इथे धंदा करू शकत. त्यातले कितीतरी जर्मन. फ्रेंच फ्रेंच म्हणून आपण ज्याला नावाजतो त्यातलं निम्मं काम या परप्रांतीयांच्या हातचं आहे, आता यावरून इथे राजकारण सुरू करू नका.)

रंधा
धागा वाचून राहवलं नाही. आमचं तीन पिढ्यांचं जुन्या फर्निचरची दुरुस्ती-पॉलिशचं काम आहे, पुण्यात. फ्रेंच खरा माल आयुष्यात दोनदाच हातात आला, बाकी सगळा 'लुई' नावाने विकला जाणारा नंतरचा.
झुळूकताई, स्टेजवरच्या सोफ्यात आणि त्यात फरक समोरून बघून कळणार नाही. मागून बघा. खालून बघा. आमचे आजोबा गिऱ्हाईक वस्तू घेऊन आलं की पहिल्यांदा ती उलटी करायचे, मग चहा. समोरची बाजू गिऱ्हाइकासाठी असते आणि मागची कारागिरासाठी, तिथे तो खोटं बोलायचे कष्ट घेत नाही. पॅरिसच्या कपाटाची पाठ ओकची, ओबडधोबड, रंध्याचे फराटे तसेच ठेवलेले, बोट फिरवलं की लाटांसारखे लागतात. मशीनच्या कापाला ती लाट नसते, बारीक एकसारख्या रेघा असतात. संगमरवराची वरची बाजू आरशासारखी आणि खालची खडबडीत सोडलेली. वरचा पत्रा, म्हणजे आताच्या भाषेत विनियर, तेव्हा हाताने करवतीवर कापायचे त्यामुळे दीड-दोन मिलिमीटर जाड, आताचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. कुठे कोपरा उडाला असेल तर तिथे जाडी दिसते.
अजून एक गंमत, लाकूड आडवं आक्रसतं, उभं फारसं आक्रसत नाही. त्यामुळे अडीचशे वर्षांचं गोल टेबल खरं असेल तर आता ते गोल नसतं. टेप लावा, एका बाजूने थोडं कमी भरतं. एकदम परफेक्ट गोल भरलं तर मी तरी हात आखडता घेतो.

पमाकाकू
रंधा, काय सुरेख लिहिलंत. मला खुर्च्यांचं विचारायचं होतं. काही खुर्च्यांचे हात पुढच्या पायांच्या सरळ वर नसून मागे सरकवलेले असतात, ते का? आमच्याकडे एक अशीच नक्कल आहे, त्यावरून उठताना मला टेकू मिळत नाही, गुडघे दुखतात.

तिरपा डोळा
काकू, ते तुमच्या गुडघ्यांसाठी नव्हतंच, घागऱ्यांसाठी होतं :) तेव्हाच्या बायका कमरेला दोन्ही बाजूंनी सांगाडा बांधून वर घागरा घालायच्या, टोपलीसारखा फुगलेला. हात पुढे असला तर त्यात बसणार कशा? म्हणून हाताचा दांडा मागे घेतला.
खुर्च्यांचं एक वेडच होतं त्या लोकांना. सपाट पाठीची खुर्ची भिंतीला लावून ठेवायची, ती तिथून हलवायची नाही, कारण तिची नक्षी भिंतीवरच्या नक्षीशी जुळवलेली. गोलसर पाठीची हलकी, ती मधे, गप्पांना ओढून घ्यायला. बाजू गादीने बंद केलेली ती बेर्झेर, त्यात रुतून बसायचं. आणि एक माझी सगळ्यात आवडती, व्वायोझ नावाची, तिच्या पाठीच्या वरच्या काठावर गादी असते, का तर समोर पत्त्यांचा डाव चाललाय आणि तुम्हाला खेळायचं नाहीये, नुसतं मागून बघायचंय, तर पुरुषांनी उलटं तोंड करून बसायचं आणि कोपर त्या गादीवर टेकायचे. नुसती दुसऱ्याचे पत्ते बघायला वेगळी खुर्ची! आमच्या आळीत गणपतीत रात्रभर तीनपत्ती चालायची तेव्हा अशा वीस लागल्या असत्या.
श्रीमंत घरात गाद्या चौकटीसकट निघायच्या. थंडीत मखमल, उन्हाळा आला की रेशीम, खुर्ची तीच. आणि कापड बऱ्याचदा लाकडापेक्षा महाग पडायचं.

खवचट
म्हणजे थोडक्यात जनता पावाला महाग आणि हे लोक ऋतूप्रमाणे गाद्या बदलतायत. मग गळे कापले त्यात नवल काय.

आंबोलीकर
खवचट, अनुमोदन, पण गळे कापायच्या आधी कारागिरांचं काय व्हायचं ते पण बघा. ती सोनेरी वेलबुट्टी झुळूक म्हणतेय ना, ते नुसतं सोनेरी रंगाचं ब्राँझ नाही, खरं सोनं आहे. सोनं पाऱ्यात विरघळवून त्याचं लोण्यासारखं मिश्रण करायचं, ते ब्राँझला फासायचं आणि निखाऱ्यावर धरायचं. पारा उडून जातो, सोनं धातूला घट्ट धरून बसतं. पारा उडून जातो म्हणजे कुठे जातो, तर त्या माणसाच्या छातीत. आधी हात थरथरायला लागतात, मग दात हलतात, आणि मुलामा देणारे फार म्हातारे होत नसत. मी केमिस्ट्री शिकवतो, वर्गात पाऱ्याचा धडा आला की थर्मामीटर फुटल्याचं उदाहरण देण्याऐवजी आता हेच सांगणार.
म्युझियममध्ये नीट बघा, काही ठिकाणी सोनं झगझगीत आणि काही ठिकाणी मॅट असतं, एकाच पानावर सुद्धा. झगझगीत भाग गुळगुळीत दगडाने घासून घासून केलेला असतो. आत्ताच्या इलेक्ट्रोप्लेटिंगला ती खोली येत नाही, सगळं सपाट पिवळं दिसतं. स्टेजवरचा सोफा तर नुसता स्प्रे, त्यावर काय बोलायचं.

अवली कार्टी
मला वाटलेलं टाइमपास धागा आहे :( आता सोनेरी काही बघितलं की हात आठवतील.

झुळूक
बाप रे. मी तर तिथे सेल्फी काढला.
ते खोट्या खुर्च्यांचं सांगा ना कोणीतरी. मला अर्धवटच माहितीये.

तिरपा डोळा
बसा, मोठी गोष्ट आहे.
बिल पालो म्हणून माणूस, अठराव्या शतकातल्या फ्रेंच खुर्च्यांचा सगळ्यात मोठा जाणकार. म्हणजे खुर्ची खरी का खोटी हे लोक ज्याला विचारायचे तो. आणि ब्रुनो देनू, लाकडावर नक्षी कोरणारा नामांकित कारागीर, व्हर्सायचीच कामं करायचा. २००७ च्या सुमारास दोघांनी पैज लावल्यासारखं ठरवलं की बघू तरी, पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द्यु बारी, तिची खुर्ची आपल्याला बनवता येते का आणि कोणी ओळखतं का. जुन्या, कमी किमतीच्या खुर्च्यांचे सांगाडे लिलावातून उचलायचे, म्हणजे लाकूड त्या काळातलंच, मग रंधाभाऊंचा मागून-खालून बघायचा नियम निम्मा तिथेच बाद. देनू कोरणार, मुलामा आणि गादी दुसऱ्यांकडून, वर जुन्या नामांकित सुताराचा शिक्का. कोणी ओळखलं नाही. खुर्च्या दलालांच्या हातून वर वर सरकत गेल्या, व्हर्सायने घेतल्या, एक जोडी तर सरकारने राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केली आणि ती कतारच्या राजघराण्यातल्या एकाने २० लाख युरोला घेतली.
आता ओळखलं कोणी? पालोचाच एक जुना विद्यार्थी, शार्ल होरमान, स्वतः जुन्या वस्तूंचा व्यापारी. त्याला देनूची एक खोड माहीत होती. नवीन कोरलेलं लाकूड पांढरं पडतं, ते जुनाट मळकट दिसावं म्हणून देनू त्यावर ज्येष्ठमधाचा अर्क फासायचा. तर या पठ्ठ्याने काय करावं? खुर्ची चाटली. जिभेला ज्येष्ठमध लागला!
त्याने ओरडून सांगितलं तरी बराच काळ कोणी मनावर घेतलं नाही. शेवटी पोलीस पोचले ते वेगळ्याच वाटेने, कोणाच्या तरी खात्यातले पैसे उत्पन्नाशी जुळेनात म्हणून. २०१६ मध्ये अटक, २०२५ मध्ये खटला. पालोला चार वर्षांची शिक्षा झाली पण त्यातले चारच महिने प्रत्यक्ष, ते त्याने आधीच भोगलेले, वर दोन लाख युरो दंड. खुर्च्या विकणाऱ्या ज्या गॅलरीवर खटला होता ती निर्दोष सुटली.

अवली कार्टी
घसा बसला की आजी तोंडात ज्येष्ठमध धरायला लावायची. आजीला व्हर्सायला नोकरी लागली असती.

खवचट
मला एक प्रश्न आहे, चेष्टा नाही. लाकूड जुनं, कोरणारा व्हर्सायचाच कारागीर, डिझाइन तेच, बघणाऱ्याला फरक कळत नाही. मग ती खोटी कशी? लुईच्या काळातला सुतार जन्मला म्हणून मोठा आणि हा आत्ता जन्मला म्हणून चोर? किंमत खुर्चीची आहे की द्यु बारीबाईंच्या बैठकीची?

रंधा
खवचटभाऊ, प्रश्न बरोबर आहे आणि मला पण छळतो. देनूचा हात मोठाच असणार, त्यात शंका नाही. त्याने स्वतःच्या नावाने विकली असती तर मी उभा राहून टाळ्या वाजवल्या असत्या. पण शिक्का दुसऱ्याचा मारला ना.
शिक्क्याचं सांगतो. १७४३ नंतर पॅरिसमधल्या प्रत्येक मेंबर सुताराला आपलं नाव लोखंडी ठशाने मालावर मारावं लागे, दर्शनी नाही, संगमरवराच्या खाली किंवा खुर्चीच्या खालच्या पट्टीवर. शेजारी जे एम ई अशी तीन अक्षरं, म्हणजे पंचायतीच्या पंचांनी तपासलं. राजाच्या थेट नोकरीतल्या कारागिरांना हे लागू नव्हतं. काही जण पूर्ण नाव न मारता नुसती आद्याक्षरं मारायचे. एका फार देखण्या कामावर नुसतं बी व्ही आर बी असायचं, आणि हा कोण ते किती वर्षं कोणाला माहीतच नव्हतं, १९५७ मध्ये उलगडा झाला की बर्नार व्हान रिझनबर्ग. म्हणजे दोनशे वर्षं लोक त्याच्या कामावर जीव टाकत होते आणि नाव ठाऊक नाही. आमच्या धंद्यात हे रोजचंच, पण तरी.
माझा एक अनुभव. एका गिऱ्हाइकाने शहरातल्या एका दुकानातून 'फ्रेंच अँटिक' म्हणून लिहायचं टेबल आणलं, पैसे एवढे दिलेले की मला आकडा सांगताना आवाज उतरला. मी उलटं केलं. आतून प्लायवूड, आणि पायांना फिलिप्सचे स्क्रू, चांदणीच्या खाचेचे. ते स्क्रू १९३० च्या दशकातले. बाई रडल्या. मी त्या दिवशी पॉलिशचे पैसे घेतले नाहीत, त्याने काय होणार होतं म्हणा.
बाकी पॉलिशवरून आठवलं, लाखेचं जे फ्रेंच पॉलिश आपण म्हणतो, जे माझं पोट भरतं, ते नाव फ्रेंच असलं तरी बहुतेक या सगळ्यानंतरचं, एकोणिसाव्या शतकात फोफावलेलं आहे. नंतर लोकांनी जुन्या मालावर पण ते चढवलं.

पमाकाकू
आपल्याकडे यातलं काही आलं होतं का हो? संस्थानिकांकडे वगैरे?

तिरपा डोळा
काकू, उलट जास्त गेलं. लाकडाच्या चिकटकामात जी काळी चकचकीत लाखकामाची पॅनेल्स दिसतात, ती चीन-जपानची. पॅरिसचे व्यापारी जपानी पेट्या, घडीचे लाकडी पडदे विकत घ्यायचे, करवतीने सोलून वरचा पापुद्रा काढायचे आणि तो गोलसर कपाटावर वाकवून बसवायचे. चिनी पडद्यांच्या एका प्रकाराला नाव पडलं कोरोमंडल, कारण जहाजं आपल्या पूर्व किनाऱ्यावरून यायची. तिथे तयार झाला नाही आणि नाव तिथलं.
कापडाचं तर विचारू नका. आपली छापील सुती कापडं, ज्यांना ते आंदिएन म्हणत, एवढी खपायला लागली की फ्रेंच विणकर बोंबलले आणि सरकारने १६८६ मध्ये बंदी घातली, ती थेट १७५९ पर्यंत. आणि त्याच काळात राजाची लाडकी मादाम द पाँपादूर आपल्या बेलव्यूच्या महालात तीच बंदी असलेली कापडं लावून बसलेली.

आंबोलीकर
हैदराबादला सालारजंगमध्ये टिपूच्या हस्तिदंती खुर्च्या आहेत, सोळाव्या लुईने भेट दिल्या असं सांगतात. टिपूचे तीन वकील १७८८ मध्ये व्हर्सायला गेले होते हे मात्र पक्कं. वर्षभरात तिकडे क्रांती झाली, म्हणजे टिपूच्या पदरात काय पडणार होतं.

झुळूक
आणि क्रांतीनंतर व्हर्सायमधलं सामान?

तिरपा डोळा
विकलं. १७९३ च्या ऑगस्टपासून जवळपास वर्षभर लिलाव चालला, १७,१८२ लॉट. लंडनला तुम्ही जे पाहता त्यातलं काही त्यामुळेच फ्रान्सबाहेर पडलं.
यात एक रीझनेर नावाचा माणूस आहे त्याची मला फार हळहळ वाटते. तोही जर्मन. एबेन म्हणून एकाच्या कारखान्यात होता. एबेनला १७६० मध्ये राजाचं लिहायचं टेबल करायचं काम मिळालं, वर गुंडाळणारं झाकण असलेलं, किल्ली एकदा फिरवली की झाकण आणि सगळे खण एकदम उघडणार, वर दोन तोंडांचं घड्याळ म्हणजे पुढून मागून दोन्हीकडून वेळ दिसावी. तीन वर्षांत एबेन गेला. रीझनेरने काम पुढे नेलं, एबेनच्या विधवेशी लग्न केलं, आणि १७६९ मध्ये टेबल पोचवलं, नऊ वर्षं! पुढे राणीचा आवडता झाला. क्रांतीत गिऱ्हाईकच उरलं नाही, तर याने लिलावात आपलंच जुनं काम परत विकत घेतलं, वाटलं असेल बाजार परत उठेल. बाजाराची चव बदललेली. ते विकलं गेलं नाही. १८०६ मध्ये गेला.

रंधा
स्वतःचं काम परत घेतलं. हे मला माहीत नव्हतं.
झुळूकताई, परत गेलात तर एक बघा. लाकडाच्या तुकड्यांची फुलं असतात ना कपाटावर, सगळी चहाच्या रंगाची दिसतात. ती तशी नव्हती. पानं हिरवी रंगवलेली, फुलं गुलाबी, निळी, अगदी भडक. उजेडाने उडाली. खण उघडा असेल तर आतल्या काठाला कधीकधी मूळ हिरवा शिल्लक असतो.

झुळूक
आज परत गेलो. बाबांनी सकाळीच टॉर्च खिशात टाकलेला. एबेन-रीझनेरच्या त्या टेबलाची एकोणिसाव्या शतकातली नक्कलही तिथे आहे, पण बाबांना त्यात रस नाही, ते थेट एका खुर्चीपाशी जाऊन गुडघ्यावर बसले, मान वाकडी करून खालून बघायला लागले. गार्ड लगबगीने आला, काही पडलं का म्हणून विचारायला. बाबा म्हणाले, "नो नो, ओन्ली बॉटम." मी जमिनीत गेले. तो दोन सेकंद बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला की टॉर्च नको, पण डावीकडून बघा, तिकडून खिडकीचा उजेड येतो.
रंधा, पट्टीच्या आतल्या बाजूला फराटे आहेत, तिरक्या उजेडात लाटा दिसल्या. शिक्का नाही दिसला. खण सगळे बंद होते, त्यामुळे हिरवा काही बघायला मिळाला नाही. बाबांना उठताना मात्र हात द्यावा लागला, आणि आईने बसल्या जागेवरून विचारलं, चाटली नाहीत ना?